काकाजींच्या मनात कोण?

हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या बुवा. मी सांगत असताना तुम्ही हसलात तर मी मधेच थांबतो, आणि एकदा थांबलो की या गोष्टीत पुन्हा शिरायची हिंमत मला होत नाही. चहा घ्या. साखर कमी वाटली तर सांगा.

तर त्या वेळी चामोर्शीत माझं शिलाईचं दुकान होतं. आमचा चांदा जिल्हा नुकताच मध्यप्रदेशातून निघून मुंबई राज्यात गेला होता. आम्ही जागचे हललो नव्हतो, राजधानी मात्र नागपूरहून उठून थेट समुद्रकाठी जाऊन बसली होती. आणि निवडणूक तोंडावर आलेली. पक्षाच्या टोप्या, झेंडे, सदरे सगळं माझ्याच मशीनवर व्हायचं, त्यामुळे पक्ष माझ्यावाचून उघडा पडेल अशी माझी पक्की समजूत होती.

आमच्या पक्षात तिकीट कसं मिळायचं? नाव वरून यायचं आणि आम्ही खाली टाळ्या वाजवायच्या. सोपं काम होतं, हातालाही व्यायाम. पण त्या वर्षी आमच्या जिल्हाध्यक्षांनी जाहीर केलं की या खेपेला तालुक्यातले कार्यकर्ते हात वर करून नाव ठरवतील. म्हणाले, ज्याला जास्त हात, त्याचंच नाव मी वर धाडीन. मी स्वतः कोणाच्याही बाजूचा नाही.

आता तुम्हीच सांगा, मोठा माणूस असं म्हणाला की लोक काय करतात? दुसऱ्या दिवसापासून अख्खा तालुका एकाच कामाला लागला. धानाची कापणी तशीच पडली आणि जो तो विचारायला लागला, काकाजींच्या मनात कोण?

काकाजी म्हणजे हे अध्यक्ष. जिल्ह्यात त्यांना सगळे काकाजीच म्हणायचे. अहो, काय माणूस होता! दारातून आत यायचे तर वाकून यायचे, आणि बसले की खोलीतले सगळे आपोआप सरळ होऊन बसायचे. इंग्रजांच्या तुरुंगात जाऊन आलेले, पण त्याबद्दल कधी चकार शब्द नाही. एकदा त्यांची बंडी शिवायची होती. माप घ्यायला टेप हातात घेतली आणि माझा हात त्यांच्या छातीपर्यंत पोचेचना. शेवटी नुसतं बघून अंदाजानं शिवली. ती त्यांना दोन्ही खांद्यांत आखूड झाली, तरी बिचाऱ्यांनी वर्षभर अंग चोरून वापरली. अशा माणसाच्या मनातलं ओळखायचं आणि त्यांनी सांगायच्या आत ते करून टाकायचं, हीच मला देवपूजा वाटायची.

उमेदवार दोघं. एक दिगांबरराव मालगुजार. मालगुजारी, म्हणजे गावांची जमीनदारी, सरकारनं काढून घेतली होती, पण लोकांच्या तोंडातून ती कोण काढणार? माणूस वाईट नव्हता. खायचा आणि खाऊ घालायचा. दुसरा केशव गुरुजी, माझा लंगोटीयार. निवडणुकीला उभं राहायचं म्हणून त्यानं शाळेची पक्की नोकरी सोडलेली. त्याला फक्त वैनगंगेवर पूल हवा होता. पावसाळ्यात डोंगे, म्हणजे लाकडी होड्या, बंद झाले की अडलेल्या बाया नदीच्या अलीकडेच तळमळायच्या, ते त्यानं पाहिलं होतं. तिकीट गेलं तर पूलही गेला आणि पोटापाण्याचंही गेलं, असा त्याचा हिशेब होता.

गुरुजीची बायको यमुनाबाई चांद्याकडची. लग्न तिकडेच झालं, अगदी साधं. वऱ्हाडात नवरा मुलगा, त्याची आई आणि एक मामा. मी जाणार होतो, पण हिवतापानं गोधडीखाली कुडकुडत होतो. आई पुढे वारली, मामा तिकडे सिरोंच्याला गेला. लग्न होऊन दोनेक वर्षं झाली होती, अजून पाळणा हलला नव्हता.

कार्यकर्त्यांच्या सभेच्या आधी काकाजी दोन्ही उमेदवारांना भेटायला आले. डोंग्यानं नदी ओलांडून आलेले. त्यांची पिशवी मी घेतली, आणि ती कोणाच्याही हातात दिली नाही.

आधी मालगुजारांकडे. पंगत बसली. नव्या चिन्नोरचा भात, वांग्याची भाजी, वरण, वर तुपाची धार. काकाजींनी भात मागून घेतला. ताक प्याले. ढेकर दिली. जेवण झाल्यावर मालगुजारांच्या बाजेवर आडवे झाले आणि चक्क घोरले हो! मी बाहेर ओट्यावर बसून ते घोरणं ऐकत होतो आणि मनातल्या मनात गुरुजीचे हात एकेक कमी करत होतो. ज्याच्या घरी माणूस इतका निवांत झोपतो, त्याच्याबद्दल त्याच्या मनात काय असणार, सांगा?

मग गुरुजीकडे. यमुनाबाईंनी अंगण सारवून ठेवलं होतं, सतरंजी अंथरली होती. काकाजी बसलेच नाहीत. उभ्यानंच गुरुजीशी दोन शब्द बोलले. यमुनाबाई घासून लख्ख केलेल्या तांब्यातून पाणी घेऊन आल्या आणि न बोलता तांब्या मधेच धरून उभ्या राहिल्या. काकाजींनी हात पुढे केला नाही. त्या पाया पडल्या, तर यांनी डोक्यावर हात ठेवला न ठेवला आणि तोंड फिरवलं. मी पाहिलं, डोळे लाल झाले होते.

मला राहवलं नाही. मी म्हणालो, "काकाजी, उन्हातून आले, घोटभर तरी घ्या."

"नको रे सदा," ते म्हणाले, "इथलं नको."

इथलं नको. अहो, आमच्याकडे वैऱ्याच्या दारात गेलं तरी माणूस पाणी पितो. पाणी नाकारलं म्हणजे संपलंच की सगळं. सुपारीचं खांडसुद्धा घेतलं नाही. बाहेर पडताना मी त्यांची पिशवी छातीशी धरली होती आणि मनात म्हणत होतो, काकाजी, तुम्ही तोंडानं बोलू नका, या सदाला समजलं.

आता समजलं ते पोटात ठेवावं ना? पण मला वाटलं, सभेत गुरुजीला आपटायला लावण्यापेक्षा आधीच वारं कुठे आहे ते लोकांना कळलेलं बरं. आठवडी बाजाराला गावोगावचे कार्यकर्ते माझ्या दुकानासमोर टेकायचे. मी एकालाच सांगितलं, तेही मान खाली घालून, काज करता करता. मालगुजारांकडे घोरले आणि गुरुजीकडे पाणीही घेतलं नाही, एवढंच. बाजार उठेपर्यंत ही बातमी माझ्याकडे परत आली तेव्हा तिच्यात काकाजींनी तांब्या लाथेनं उडवला होता.

झालं. तालुका फिरला. मालगुजारांच्या ओट्यावर चपला ठेवायला जागा उरेना. आणि गुरुजी रस्त्यानं सायकलवरून आला की लोकांना एकदम गल्लीत काम निघायचं.

एक दिवस तो माझ्याकडे आला. सायकल भिंतीला टेकवून म्हणाला, "सदा, लोकं माह्याकडं पाहून रस्ता बदलून राह्यले. काऊन?"

मी सगळं खरं सांगून टाकलं, मीच सांगितलं हेसुद्धा. मित्रापासून काय लपवायचं? तो माझा हात धरून मला घरी घेऊन गेला आणि यमुनाबाईंना म्हणाला, याला आता तूच सांग.

यमुनाबाई चुलीपुढून उठल्या. पदरानं हात पुसले. मला वाटलं आता लाटणं बसतं. पण त्या अगदी हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, लेकीच्या घरचं पानी बाप पेत असते का जी?"

मी म्हणालो, बाप? कोणाचा बाप?

मग कळलं. त्यांचे वडील काकाजींबरोबर तुरुंगात होते आणि तिथून परत आलेच नाहीत. काकाजींनी या पोरीला घरी आणलं, वाढवलं, कन्यादानही त्यांनीच केलं. लेकीला लेकरू होईपर्यंत तिच्या घरचं अन्नपाणी घ्यायचं नाही ही रीत तुम्हाला काय सांगायची, ती पाळायला पोटचीच लेक लागते असं थोडंच आहे? वर्षभरानं त्यांनी लेक पाहिली होती. तिच्या हातचं पाणी घेता येत नव्हतं आणि चारचौघांत तिला जवळही घेता येत नव्हतं, कारण अध्यक्षांचा जावई म्हणून मिरवायला नको म्हणून गुरुजीनं लग्नापासूनच हे कोणाला सांगितलं नव्हतं, आणि आता तर तिघांनी मिळून ठरवलं होतं की तिकीट ठरेपर्यंत हे नातं बोलायचं नाही. अध्यक्ष जावयाकडे झुकला असं कोणी म्हणू नये म्हणून. आणि ते लाल डोळे मी रागाचे समजलो होतो!

यमुनाबाईंनी माझ्याकडून शपथ घेतली की हे कुठे बोलणार नाही. मी गळ्याला हात लावून शपथ घेतली. खरंच मनापासून घेतली होती हो.

पण पुढचा बाजार आला. तीच माणसं, तीच बैठक, आणि मालगुजारांचं नाव जो तो असं घेत होता की जणू ते निवडूनच आलेत. माझं पाप मलाच दिसत होतं. मी फक्त इतकंच म्हणालो, की पाणी घेतलं नाही म्हणजे काकाजी रागावले असं समजू नका. उलटंही असू शकतं. लोक म्हणाले, उलटं म्हणजे? मी म्हणालो, म्हणजे कधीकधी फार जवळच्या माणसाकडेही पाणी घेत नाहीत. लोक म्हणाले, फार जवळचं म्हणजे कोण? आता तुम्हीच सांगा, यानंतर बोलायचं काय राहिलं? मी जीभ चावली, पण तोवर समोरचा उठून धोतर सावरत निघालाही होता.

दिवे लागायच्या आत गुरुजी तालुक्याचा जावई झाला. मालगुजारांचा ओटा रिकामा. गुरुजीच्या अंगणात वांग्यांच्या टोपल्या, तुपाचे गडवे, मोहफुलांची गाठोडी येऊन पडली. कालपर्यंत गल्लीत शिरणारे आज त्याची सायकल धरायला धावत होते.

मालगुजार स्वतः माझ्या दुकानात आले. शिलाईला टाकलेला सदरा परत मागितला आणि म्हणाले, सासरा अध्यक्ष, जावई उमेदवार, आणि वरून म्हणे हात वर करा. हे नाटक सभेत उघडं करतो बघ. त्यांच्या मागोमाग गुरुजी आला. तो माझ्यावर चिडलाही नाही. तेच जास्त लागलं. तो फक्त म्हणाला की मी नाव मागे घेतो. तिकीट सासऱ्यानं दिलं असं जन्मभर ऐकून घ्यायची त्याची तयारी नव्हती.

सभा धानाच्या गिरणीच्या पटांगणात होती. दुपारची वेळ. एकीकडे भुशाचा ढीग, मधे एक टेबल, एक खुर्ची. गुळाचा चहा सगळ्यांना देऊन झाला आणि काकाजी येऊन बसले.

मालगुजार उठले. राग एवढा, पण हात मात्र जोडलेले. काकाजींपुढे हात आपोआप जुळायचे. त्यांनी विचारलं की गुरुजी तुमचे जावई आहेत, हे खरं का खोटं?

मला वाटलं आता पृथ्वी दुभंगावी आणि तिनं फक्त मला घ्यावं.

काकाजी उभे राहिले. "खरं आहे," ते म्हणाले. "यमुना माही लेक आहे. पोटची नसन, पन लेक आहे. मले वाटलं, बोललो नाई तं पक्षपात होनार नाई. ते चूक माही. मनात कोन आहे हे लपवून कोनी निःपक्ष होत नाई."

मग खुर्ची सोडून ते खाली उतरले. गुरुजीला म्हणाले, नाव मागे घ्यायचं नाही. मालगुजारांना म्हणाले, तुमचंही राहील. आणि सगळ्यांना सांगितलं की मी गिरणीमागे जाऊन बसतो, माझ्या तोंडाकडे पाहून कोणी हात वर करायचा नाही. ज्याचा कोणाकडे ओढा नाही असा एक जण तुमच्यातून खुर्चीवर बसवा. एवढं बोलून तो उंच माणूस भुशाच्या ढिगाला वळसा घालून एकटा निघून गेला. जिल्ह्याचा अध्यक्ष, भर सभेत, चूक माझी म्हणून! मी तसं काही आधी पाहिलं नव्हतं आणि नंतरही पाहिलं नाही. माझे डोळे भरून आले.

डोळे पुसून बघतो तर सगळे माझ्याकडे बघत होते. मालगुजारांकडचे म्हणत होते, सदा आमच्यासाठी बाजारभर बोलला. गुरुजीकडचे म्हणत होते, आमच्यासाठीही बोलला. मग याच्याइतका निःपक्ष माणूस तालुक्यात दुसरा कोण? दोन्ही बाजूंनी मिळून मला उचलून त्या खुर्चीवर बसवलं. काकाजींच्या खुर्चीवर!

मी घसा खाकरला. अख्खं पटांगण पुढे झुकलं. मी डावीकडे पाहिलं, सगळ्यांनी डावीकडे पाहिलं. मी घाबरून टोपी सारखी केली, तर मागच्या रांगेत कोणीतरी शेजाऱ्याला म्हणालं, पाह्यलं काय? टोपी गुरुजीच्या बाजूनं कलती केली.

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. काकाजी दिसत नाहीत, म्हणून ही सगळी माणसं आता माझं तोंड वाचत होती. आजवर मी काकाजींकडे जसं टक लावून बघायचो, तसं तीनशे डोळ्यांनी माझ्याकडे बघत होती. बाप रे! हा माणूस रोज हे कसं सोसतो? जेवला तरी बातमी, झोपला तरी बातमी, पाणी नाकारलं की तालुका इकडचा तिकडे. मला त्या क्षणी काकाजींच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं.

पण डोकं ठेवायची ती वेळ नव्हती, वापरायची होती. मी मनाशी पक्कं केलं. मालगुजारांचं नाव पुकारलं की दगडासारखं बसायचं. गुरुजीचं पुकारलं की किंचित मान हलवायची. पक्षपात? हो, पक्षपात. मित्र होता माझा, आणि त्याची वाट मीच लावली होती.

वयानं मोठे म्हणून आधी मालगुजारांचं नाव पुकारलं. एकही हात वर नाही. सगळे माझ्याकडे बघताहेत. मी दगड. वा सदा, मी मनात म्हणालो, जमतंय.

आणि तेवढ्यात माशी आली.

तो गुळाचा चहा माझ्या मिशीला लागला होता हो. माशी मिशीवर बसली. मी हललो नाही. ती मिशीवरून इकडून तिकडे चालत गेली. मी हललो नाही. डोळ्यांतून पाणी आलं, तरी हललो नाही. मग ती नाकाच्या शेंड्यावर चढली, थोडं थांबली, आणि आत काय आहे ते बघायला निघाली.

माझा हात वर गेला.

फटाफट, फटाफट सगळ्या पटांगणाचे हात वर! मालगुजारांचे तर दोन्ही. आणि सगळ्यात पुढे बसलेल्या माझ्या गुरुजीनंही हात वर केला. का, तर त्याला वाटलं, सदा काहीतरी डाव टाकतोय, आपण साथ द्यावी.

मी ओरडलो की थांबा, माशी होती, खाली घ्या. कोणी ऐकेल तर शपथ. एक म्हातारा कार्यकर्ता शेजाऱ्याला समजावून सांगत होता की खुर्चीवर बसलेले लोक असंच बोलतात, त्यांचं तोंड पाहायचं नसतं, हात पाहायचा असतो.

गलका ऐकून काकाजी गिरणीमागून आले. एवढे हात पाहून त्यांनी मला विचारलं की काय झालं. मी रडकुंडीला येऊन माशीपासून सगळं सांगितलं. शब्द दिला होता, ज्याला जास्त हात त्याचंच नाव, तेव्हा आता काही बदलणार नव्हतं हे त्यांनाही कळलं आणि मलाही. मी म्हणालो, तुम्ही मला रागवा तरी. ते रागावले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "सदा, अध्यक्ष झालो तवापासून मी सभेत नाक खाजवलं नाई."

"मंग खाज सुटली तं काकाजी?"

"सभा तहकूब करतो."

हे त्यांनी मला आधी सांगितलं असतं तर वैनगंगेवर तेव्हाच पूल झाला असता की नाही, तुम्हीच बोला.

संध्याकाळी मी आणि गुरुजी गावाकडे पायी निघालो. तो सायकल हातात धरून चालत होता. शाळेत परत घेतात का ते विचारीन म्हणाला. मला बोलायला तोंड होतं कुठे?

घराजवळ आल्यावर तो थांबला. "सदा, खरं सांग. तू माह्याच बाजूनं होता न?"

"देवाशप्पथ," मी म्हणालो, "पहिल्यापासून."

"मंग मित्रा, एक कर," सायकल अंगणात घेत गुरुजी म्हणाला. "पुढच्या खेपेले मालगुजाराच्या बाजूनं राह्य."